तेरचं वस्तुसंग्रहालय: वस्तू वाचल्या, थर निसटला

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचं गाव आहे. बहुतेकांना ते गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून माहीत असतं, दर्शनाला येणारी मंडळी देवळात जातात, तेरणेच्या काठावर जरा टेकतात आणि निघतात. त्याच गावात राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं एक वस्तुसंग्रहालय आहे, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं. आणि गंमत म्हणजे ते कुठल्या संस्थानिकाच्या हौसेतून किंवा मोठ्या संस्थेच्या ठरावातून उभं राहिलेलं नाही, एका गावकऱ्याने वर्षानुवर्षं आपल्याच गावातून जमवलेल्या वस्तूंवर ते उभं आहे. २०,००० च्या वर वस्तू. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, हस्तिदंताचं काम, दिवे, भांडी, काय नाही ते.

स्थानिक म्युझियम म्हटलं की कौतुकाचे चार शब्द बोलायचे, इमारतीच्या गळक्या छपराबद्दल हळहळायचं आणि विषय संपवायचा अशी आपल्याकडे पद्धत आहे. इथे ते करायचं नाहीये. तेर हे प्रकरण म्हणून नीट बघितलं तर एक फार महत्त्वाचा प्रश्न समोर येतो, जो आज महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याला इतिहास मंडळ चालवणाऱ्या माणसाला लागू आहे: वस्तू वाचवली म्हणजे इतिहास वाचला का? माझं उत्तर आहे, अर्धा वाचला. आणि उरलेला अर्धा वाचवायला पैसा, इमारत, एक्स्पर्ट यातलं फारसं काही लागत नाही, एक रजिस्टर लागतं आणि ते भरायची सवय लागते.

आधी गाव

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनामिक ग्रीक भाषिक माणसाने तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली, पेरिप्लस म्हणून ती ओळखली जाते. त्यात भडोचहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला साधारण १० दिवसांवर तगर हे फार मोठं शहर असं सांगितलंय, आणि तगरहून साधं कापड, तलम कापड असा माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा असंही आहे. टॉलेमीनेही तगरचं नाव घेतलंय. पुढे शिलाहार राजे स्वतःला ताम्रपटांमध्ये ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले, म्हणजे शहराचा दरारा ते शहर उतरणीला लागल्यावरही किती शतकं टिकला बघा.

पण हे तगर नेमकं कुठलं यावर एकोणिसाव्या शतकात चांगलाच घोळ होता. कुणी देवगिरी म्हणायचं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर. शेवटी जुने शिलालेख-ताम्रपट वाचणाऱ्या फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने १९०१ मध्ये तगर म्हणजे तेर असं मांडलं आणि ते टिकलं. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्यातल्या हेन्री कझन्सने इथल्या त्रिविक्रम मंदिराकडे लक्ष वेधलं, विटांचं, मागची बाजू अर्धगोल असलेलं, म्हणजे मुळात बौद्ध चैत्यगृहाच्या घाटाचं. आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, पूजा चालू आहे, आणि बांधकाम देशातल्या अगदी जुन्या उभ्या बांधकामांपैकी.

तेव्हा हा सगळा भाग निजामाच्या राज्यात. पुढे १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे ज्या काळात या गावातल्या टेकड्यांकडे कुणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं होतं त्या काळात सरकारच तीनदा बदललं, फायली एका राजधानीतून दुसरीकडे गेल्या. गावात कायम होते ते गावकरी.

वस्तू हातात कशी येते

तेरच्या आजूबाजूला टेकड्या आहेत, कोट, बैराग, रेणुका अशी त्यांना नावं. लांबून बघणाऱ्याला ते नुसते उंचवटे वाटतात, प्रत्यक्षात ती जुनी वस्ती आहे, घर पडलं की त्यावर घर, त्यावर राख, त्यावर परत घर असं शेकडो वर्षं थरावर थर साचत गेलेलं, त्यामुळे वस्तू कुठल्या थरात होती यावरून तिचा काळ कळतो. अशा जागेला आपण पांढरी म्हणतो. आणि मराठवाड्यात पांढरीच्या मातीला कायम मागणी, कारण माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरांवर तीच माती पसरतात, पावसाचं पाणी ती खाली झिरपू देत नाही. गावात कुणाचं माळवद गळायला लागलं की टोपली, कुदळ घ्यायची आणि पांढरीवरून माती आणायची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम, त्यात कुणाला काही गैर वाटायचं कारण नव्हतं.

आता त्या टोपलीत नुसती माती थोडीच येणार. मणी येतो, फुटकी बांगडी येते, मातीचं डोकं येतं, शिशाचं गंजलेलं नाणं येतं. पहिला जोराचा पाऊस पडून गेला की टेकडीच्या उतारावरची माती वाहून जाते आणि जड वस्तू वर उघड्या पडतात, तेव्हा तर चालता चालता सापडतं. घराचा पाया खणताना, विहीर काढताना, नांगराला लागून, असं येतच राहतं. बहुतेक पांढरीच्या गावांत या वस्तू पोरं खेळायला घेतात, नाहीतर मग कुणीतरी बाहेरचा येतो आणि चार पैसे देऊन पिशवी भरून नेतो, त्यानंतर ती वस्तू कुठे गेली ते देवालाच माहीत.

तेरमध्ये फरक पडला तो इथे. या वस्तू घेणारा माणूस, म्हणजे रामलिंगप्पा लामतुरे, गावातच होता आणि त्याला त्या विकायच्या नव्हत्या. एवढ्या एका गोष्टीने हजारो वस्तू एका ठिकाणी राहिल्या. उत्खननाची टीम येते, एखादा सीझन खणते आणि जाते, गावातला माणूस बारा महिने असतो, प्रत्येक पावसाळ्यानंतर असतो, त्यामुळे त्याच्याकडे जे जमतं त्याची विविधता कुठल्याही एका खड्ड्यातून मिळणार नाही. तेरला रीतसर उत्खननं पण झाली, १९५८ ला चापेकरांनी केलं, साठच्या दशकात परत झाली ज्यात बैराग टेकडीवर विटांचा स्तूप मिळाला, सत्तरच्या दशकात आणि अगदी गेल्या दहा-पंधरा वर्षांतही झालं. पण तेर म्हटल्यावर अभ्यासकांना जे पटकन आठवतं त्यातलं बरंचसं लामतुरे कलेक्शनमधलं आहे.

हस्तिदंती बाई

या कलेक्शनमधली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंतात कोरलेली एक उभी स्त्री. छोटीशीच आहे. अंगावर दागिन्यांची रेलचेल, केसांची भरगच्च रचना, कंबरेला जाड मेखला, आणि कोरणाऱ्याने एवढ्याशा जागेत सगळं बसवलंय. सातवाहन काळातली, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. सुंदर आहे यात वादच नाही, पण या प्रकरणात ती महत्त्वाची आहे ती वेगळ्या कारणाने.

१९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, स्पष्टपणे भारतीय घडणीची, साधारण पाव मीटर उंच, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. आधी तिला लक्ष्मी म्हणायचे, नंतर यक्षी असावी असं मत पुढे आलं, आरशाची मूठ किंवा फर्निचरचा भाग असावा असंही. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, त्यामुळे ही मूर्ती त्याच्या आधीची, यावर कुणी वाद घालूच शकत नाही. ती भारतातून गेली हेही नक्की. भारतातून म्हणजे कुठून, हा प्रश्न उरतो.

तिच्या पायथ्याशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, त्यामुळे काही अभ्यासकांनी तिकडे बोट दाखवलं. शिवाय अफगाणिस्तानात बेग्रामला १९३७ आणि १९३९ मध्ये फ्रेंचांना भारतीय हस्तिदंती कामाचा मोठा साठा मिळालेला, तोही त्याच बाजूचा पुरावा. दुसरीकडे दख्खनचं नाव पुढे करणाऱ्यांकडे काय होतं? तेरची मूर्ती, जी घडणीत पॉम्पेईच्या मूर्तीच्या जवळची आहे, आणि भोकरदनची.

भोकरदन जालना जिल्ह्यातलं, जुनं भोगवर्धन. तिथे १९७३ मध्ये देव आणि गुप्ते यांनी उत्खनन केलं त्यात हस्तिदंती मूर्तीचा एक तुकडा मिळाला, मूर्ती अर्धवटच आहे, पण दासींसकट असलेली तीच मांडणी ओळखू येते. आता या तिघींना शेजारी उभं करून बघा. सौंदर्यात तेरची भोकरदनच्या तुकड्यापेक्षा कितीतरी पुढे, जवळपास पूर्ण आहे. पण पुरावा म्हणून वजन कुणाचं जास्त? भोकरदनच्या तुकड्याचं. कारण तो कुठल्या खड्ड्यातून, कुठल्या थरातून, कुठल्या खापरांच्या आणि नाण्यांच्या सोबतीने आला ते रिपोर्टात लिहिलेलं आहे. पॉम्पेईची तर सगळ्यात वरची, तिच्या अंगावर तारखेचं छप्पर आहे. तेरची मूर्ती मात्र उत्खननाच्या थरातून आलेली नाही, त्यामुळे तिचा काळ ठरवायचा तर तिच्या रूपावरून, म्हणजे इतर दोघींशी तुलना करून. आणि एकदा पॉम्पेईवरून तेरचा काळ ठरवला की मग तेरवरून पॉम्पेईचं मूळ ठरवताना जरा अवघड जागेचं दुखणं होतं. आपण गोल फिरतोय हे लक्षात येतं. ही मूर्ती तेरमध्येच घडवली गेली, की बाहेरून आली, की कुणा व्यापाऱ्याच्या घरात होती की कारागिराच्या? शेजारी हस्तिदंताचा चुरा, अर्धवट कोरलेले तुकडे, हत्यारं मिळाली असती तर एका फटक्यात उत्तर मिळालं असतं. मूर्तीच्या आजूबाजूची ती ओंजळभर माती जास्त बोलली असती.

तीच गोष्ट तेरच्या इतर वस्तूंची. केओलिन म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या मूर्ती ही तेरची खास ओळख, दोन साच्यांत पुढचा आणि मागचा भाग वेगळा दाबून मग जोडायचे, आतून पोकळ, त्यामुळे हलक्या. नीट बघितलं तर कडेला सांध्याची रेघ दिसते, आणि बायकांच्या डोक्यावरची केशरचना इतकी बारीक की साचा करणाऱ्याचा हात कळतो. (ज्या गावात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवून कच्चं-पक्कं तपासलं अशी कथा आहे त्या गावात त्यांच्याआधी हजारेक वर्षं असले कुंभार होऊन गेले, याची मला दर वेळी मौज वाटते.) तशाच मातीच्या चकत्या, रोमन नाण्यांची नक्कल करून केलेल्या, वर दोरा ओवायला कान असलेल्या, म्हणजे गळ्यात घालायच्या. त्यावर सम्राट टायबेरियसच्या नाण्याची छाप असली तर टायबेरियस इसवी सन १४ ते ३७ मध्ये राज्यावर होता एवढं कळतं, म्हणजे चकती त्याच्या आधीची नाही. पण नंतर किती? रोमन सोनं गळ्यात घालायची फॅशन ते सोनं यायचं थांबल्यावरही चालू असू शकते. थर माहीत असता तर हे सांगता आलं असतं. वज्रीसारखी साधी वस्तू घ्या, अंग घासायची, मातीची खरबरीत, नक्षीदार, सातवाहन काळातल्या गावांत ढिगाने मिळते. एकटी वज्री काही सांगत नाही. न्हाणीच्या फरशीवर मिळाली असती तर आख्खं घर उभं राहिलं असतं.

कागदवाल्यांची सवय

हे असं का झालं याचं एक कारण मला आपल्या परंपरेतच दिसतं. महाराष्ट्रात स्थानिक इतिहास जपण्याची चळवळ कागदांवर वाढली. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यावरची, उंदरांनी कुरतडलेली दप्तरं त्यांनी मिळवली, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड निघाले, १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ झालं, १९२६ च्या शेवटी राजवाडे धुळ्यात वारले तेव्हा त्यांचा संग्रह सांभाळायला धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. पुढच्या कितीतरी गावांतल्या मंडळांनी हाच कित्ता गिरवला: कुणाच्या तरी घरी काहीतरी जुनं आहे, ते फेकलं जाण्याआधी आणा.

कागदाच्या बाबतीत हा नियम जवळपास पुरतो. मोडीतलं पत्र स्वतःच सांगतं की कुणी कुणाला लिहिलं, कुठून लिहिलं. बऱ्याच मराठी पत्रांत मिती असते आणि वर्ष नसतं, तरी मजकुरातल्या लढाईवरून, माणसांच्या नावांवरून अभ्यासक वर्ष काढतातच, राजवाड्यांनी आणि त्यांच्या नंतरच्यांनी हेच तर केलं. पत्र दप्तरातून सुटं झालं तर नुकसान होतं, दप्तराचा क्रम जातो, पण पत्राची वाचा जात नाही. मणी मुका असतो. मण्याचं सगळं बोलणं तो जिथे पडला होता त्या जागेत असतं. कागदाची सवय मण्याला लावली की मणी वाचतो आणि त्याचं बोलणं टेकडीवरच राहतं, पुढच्या पावसात तेही जातं.

मग लामतुऱ्यांचं चुकलं का

अजिबात नाही, आणि हे जरा जोर देऊन सांगतो कारण पुरातत्त्व शिकलेल्या लोकांमध्ये हौशी संग्राहकांबद्दल नाक मुरडायची खोड असते. ज्या वस्तू त्यांनी घेतल्या त्या नाहीतरी टेकडीवरून सुटलेल्याच होत्या. पावसाने वाहून आलेला मणी मुळात त्याच्या थरात नसतोच, माळवदाच्या मातीतून आलेली मूर्ती कुदळीने आधीच उखडलेली असते. पर्याय काय होता? थरासकट वाचणं हा पर्याय त्या काळी त्या गावात नव्हता, पर्याय होता बाजारात जाणं किंवा पोरांच्या खेळात फुटणं. २०,००० वस्तू थराशिवाय असणं आणि नसणं, यात निवड करायची तर ती निवड सोपी आहे.

दुसरं, ते कलेक्शन तेरमध्येच राहिलं. याचं महत्त्व मला त्या मूर्तीपेक्षा एका दारात जास्त दिसतं. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची लाकडी कोरीव चौकट या म्युझियममध्ये ठेवलेली आहे. विटा-लाकडाच्या बांधकामाचं एवढं जुनं लाकूड आपल्या हवेत टिकणं हीच नवलाई, वाळवी, पाऊस, चोर, सगळ्यांतून ते राहिलं. आता ती चौकट मुंबईच्या एखाद्या मोठ्या गॅलरीत नेली असती तर लाइटिंग भारी मिळालं असतं, तेरमध्ये मात्र तुम्ही ती बघून बाहेर पडता आणि ज्या देवळाची ती आहे त्या देवळासमोर जाऊन उभे राहू शकता. वस्तू आणि जागा यांचं नातं ठेवायचं काम थोडं तरी होतंच. कोल्हापुरातही हे दिसतं, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिथल्याच टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, पंचगंगेच्या काठावर निघालेली ही ग्रीक देवाची मूर्ती त्या नदीपासून लांब नेली असती तर तिच्यातला अर्धा धक्का गेला असता.

तेव्हा दोष काढायचा नाहीये. प्रश्न फक्त एवढाच की जे त्यांना त्या काळात शक्य नव्हतं ते आज शक्य असताना आपण का करत नाही. आज कुठल्याही गावातला हौशी संग्राहक बघा, खिशात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये कॅमेरा आणि जीपीएस आहे, आणि तरी ग्रुपवर फोटो येतो तो तळहातावर धरलेल्या नाण्याचा, खाली ‘ओळखा पाहू’. जागेचा फोटो एकही नाही!

रजिस्टरमधली एक ओळ

समजा उद्या कुणी एक मणी आणून दिला. टेबलावर ठेवला, लाल, लांबट, कार्नेलियन या तांबड्या दगडाचा. रजिस्टरमध्ये बहुतेक ठिकाणी लिहिलं जातं: ‘मणी, लाल, १ नग, सातवाहन’. यातलं ‘सातवाहन’ हा अंदाज आहे आणि बाकीचं डोळ्यांना दिसतंच आहे, म्हणजे या ओळीने काहीच नवीन माहिती साठवली नाही.

तीच ओळ अशी हवी: नंबर, तारीख, कुणी आणला, कुठे मिळाला, म्हणजे कुठली टेकडी, कुठली बाजू, कुणाच्या शेताच्या बांधापासून किती पावलांवर, वर पडलेला होता की खणताना आला, खणताना आला तर साधारण किती खोल, माती कशी होती, राखेची की पिवळी, सोबत आणखी काय होतं, आणि त्या माणसाने तो उचलला तेव्हा तो काय करत होता. हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो पण सगळ्यात कामाचा तोच. ‘विहिरीचं काम चालू होतं’ म्हटलं की खोली कळते, ‘माळवदाला माती आणली होती’ म्हटलं की कुठल्या खाणीतून आली ते शोधता येतं. काळ कुठला हा रकाना वेगळा ठेवायचा आणि त्यात कुणाचं मत ते नावासकट लिहायचं, म्हणजे उद्या मत बदललं तर मूळ नोंद तशीच राहते. माहिती नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहायचं, मनाने भरायचं नाही. रिकामा रकाना परवडला, कारण खोटा रकाना पुढच्या माणसाला पन्नास वर्षं फिरवतो.

आणि नंबर वस्तूवर लिहिल्याशिवाय रजिस्टरला अर्थ नाही. इथे बऱ्याच ठिकाणी हात आखडतात किंवा उलट सरळ मार्कर घेऊन मूर्तीच्या पाठीवर लिहितात. पद्धत साधी आहे: न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पातळ थर द्यायचा, वाळला की त्यावर काळ्या शाईने बारीक नंबर टाकायचा आणि वरून परत एक थर. पुढे कधी काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. फार भुसभुशीत वस्तूला हे करायचं नाही, तिच्या डबीला आणि डबीतल्या चिठ्ठीला नंबर. स्टिकर चिकटवायचा नाही, आपल्या उन्हाळ्यात तो सुटतो आणि मग पेटीच्या तळाशी पन्नास स्टिकर आणि पन्नास बेवारस वस्तू.

कॉम्प्युटरवर न्यायचं तर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने म्युझियमसाठी ‘जतन’ नावाचं सॉफ्टवेअर केलेलं आहे, केंद्राच्या मोठ्या म्युझियममध्ये ते वापरतात. छोट्या मंडळाला साधी एक्सेल शीटही चालते. पण कागदी रजिस्टर आधी, बांधलेलं, पानांना नंबर असलेलं, खाडाखोड न करता. सॉफ्टवेअर आलं की रजिस्टर आपोआप होईल या भरवशावर कुणी बसलं असेल तर बसू दे.

लोक जागा का सांगत नाहीत

यावर फार कमी बोललं जातं. वस्तू आणून देणारा माणूस बरेचदा जागा मुद्दाम गुळमुळीत सांगतो, ‘तिकडे टेकडीकडे’. त्याला भीती असते की सरकार जमीन घेईल, बांधकाम अडवेल. ही भीती अगदीच हवेतली नाही, जागा संरक्षित जाहीर झाली की तिथे बांधकामाला परवानग्या लागतात हे खरंच आहे. त्यात १८७८ चा निखात निधी कायदा: जमिनीत दडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मूळ कायद्यातला १० रुपयांचा आकडा आज वाचताना हसू येतं, पण कायदा कायदा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू, हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर, या पुरावशेष ठरतात, ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, लायसन्सशिवाय धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर पाठवणं तर बंदच.

हे कायदे ज्या उद्देशाने आले तो योग्यच, चोरटा बाजार थांबवणं. पण गावातल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की बोललो तर लफडं होईल. मग वस्तू येते, जागा येत नाही. अशा वेळी सरकारी अधिकाऱ्यापेक्षा गावातला ओळखीचा, विश्वासाचा माणूस जास्त माहिती काढू शकतो, आणि इथेच स्थानिक मंडळाचं खरं बळ आहे. त्याने सरळ सांगावं, कायदा काय म्हणतो, कळवल्यावर काय होतं, काय होत नाही, आणि रीतसर कळवायला त्या माणसासोबत तहसीलला स्वतः जावं. स्वतःच्या संग्रहाच्या बाबतीतही तेच, कायद्याच्या बाजूने स्वच्छ नसलेलं मंडळ दुसऱ्याला काय सांगणार. आणि खणायचं नाही. हौसेने, ‘जरा उकरून बघू’ म्हणत खणणं हे चोरट्यांच्या खणण्याइतकंच घातक, थराला तुमचा हेतू कळत नाही.

जुन्या पेट्यांचं काय

ज्या मंडळांकडे आधीच शेकडो बेनोंद वस्तू आहेत ते हे वाचून हताश होतात, आता काय उपयोग म्हणून. पण काही गोष्टी करता येतात. पेटीवर जुन्या अक्षरात लिहिलेलं काहीही असेल, वर्तमानपत्राचा कागद ज्यात वस्तू गुंडाळली तो, त्यावरची तारीख, सुतळीला बांधलेली चिठ्ठी, हे फेकायच्या आधी फोटो काढा, कारण वस्तू कधी आली याचा तोच एक धागा असतो. एका पेटीतल्या वस्तू वेगळ्या करून ‘मणी मण्यांत, नाणी नाण्यांत’ अशी साफसफाई करायचा मोह होतो, तो आवरा, एकत्र आल्या म्हणून एकत्र राहिल्या असण्याची शक्यता असते आणि ती मोडली की परत जुळत नाही.

मग म्हाताऱ्या माणसांकडे जा. टेकडीची कुठली बाजू कुणी कधी खणली, माळवदाची माती कुठून यायची, कुठल्या ओढ्याला मणी सापडायचे, हे ऐंशीच्या घरातल्या बायकांना फार चांगलं आठवतं, कारण माती आणायचं काम बरेचदा त्यांच्याकडेच असायचं आणि त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं. गावाचा एक मोठा नकाशा करून त्यावर हे सगळं खुणेने टाकायचं. सिमेंटचे स्लॅब आले तशी माळवदं गेली, मातीच्या त्या खाणी बुजल्या किंवा त्यावर घरं झाली, त्यामुळे ही आठवण फार वर्षं मिळणार नाही.

यापलीकडचं काम म्हणजे जुळवणी. गावाजवळ रीतसर उत्खनन झालं असेल तर त्याच्या रिपोर्टात कुठल्या थरात कुठली खापरं, कुठले मणी ते चित्रांसकट असतं. आपल्या पेटीतला नमुना त्याच्याशी लावून बघितला तर निदान काळाचा पट्टा मिळतो, जागा नाही मिळाली तरी. तेरच्या बाबतीत हे करायला भरपूर वाव आहे कारण उत्खननं झालेली आहेत आणि कलेक्शन शेजारीच आहे. अडचण एवढीच की उत्खननातल्या वस्तू साधारणपणे ज्या खात्याने किंवा विद्यापीठाने खणलं त्यांच्या स्टोअरमध्ये जातात, रिपोर्ट मोजक्या लायब्रऱ्यांत असतात आणि इंग्रजीत, आणि गावच्या म्युझियममध्ये उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काहीच दिसत नाही. त्या सगळ्या वस्तू परत आणा अशी मागणी मी करणार नाही, स्टोअरेज आणि सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. पण प्रत्येक उत्खननाचा खड्डा टेकडीवर कुठे होता त्याचा नकाशा, काय काय मिळालं त्याची मराठीतली यादी आणि ते आज कुठे आहे ते, एवढं त्या गावच्या म्युझियमच्या भिंतीवर लावायला कुणाचीच हरकत नसावी. वीस-पंचवीस पानांचं काम आहे, आणि पुरातत्त्व शिकणाऱ्या दोन पोरांना एका सुट्टीत बसवलं तर होऊन जाईल.